पुढचा ब्रेक आणि सासुरवाडीचं तेल

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावर एक गोल, गुळगुळीत डाग आहे. मोबाइल ते बोट ओळखत नाही. कुणी विचारलं तर मी खरं ते सांगतो: मोटरसायकलच्या पुढच्या चाकाची चकती गरम झालीय का, हे बघायला लावलं होतं. झाली होती.

नुसती गरम नव्हती, तिच्यावर पापड भाजून निघाला असता. मे महिना, जळगावचं दुपारचं ऊन, आणि पाइपच्या कारखान्यातून घरी येईपर्यंत गाडी अशी चालत होती की जणू मागून कुणी शेपूट धरून ठेवलंय. ब्रेकला मी हातही लावला नव्हता. तो आपला आपणच लागलेला. फाटकात गाडी उभी केली, खाली वाकलो, बोट टेकवलं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बायको स्वयंपाकघरातून आणि मुलगी वरच्या खोलीतून धावत आली.

मुलीच्या हातात कागद होता. तिला वाटलं, मला बातमी कुठून तरी आधीच कळली आणि मी आनंदाने ओरडलो.

"पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"माझी ऑर्डर आली!"

मी बोट तोंडात घातलेलं. त्यामुळे पहिलं अभिनंदन जरा बोबडं झालं.

साक्रीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात तिची नेमणूक झाली होती. नर्सिंग होऊन दोन वर्षं झालेली, दोन वर्षं परीक्षा आणि वाट बघणं. आता सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. तो दिवस बुधवार. राहायची खोली साक्रीत मिळत होती, काम डोंगरात, मधे वीसेक किलोमीटरचा चढउताराचा रस्ता. त्या रस्त्यावर एसटी सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी एकदा येते, तीही तिची मर्जी असली तर. आणि बाळंतपण काही एसटीचं वेळापत्रक बघून येत नाही, असं मुलगी म्हणाली.

"म्हणून मी आपली गाडी नेणार."

आपली गाडी म्हणजे हीच, जिच्यावर माझं बोट भाजलं होतं. वीस वर्षांची. ती घेतली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि टाकीवर बसून आरसा हवा तसा वळवायची. कॉलेजात गेल्यावर मैदानात ती हिच्यावरच शिकली. मला वाटतं, माझ्यापेक्षा ती चांगली चालवते, पण हे मी घरात बोललेलो नाही. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. बायकोनेही तिच्या बाजूने कधीच बंद केलं होतं. ती शेजारणीच्या स्कूटीवर बाजाराला जायची, पण हिच्यावर बसायची नाही.

बायकोने कागद दोनदा वाचला, डोळे पुसले, कागद देवापाशी ठेवला. मग बाहेर येऊन गाडीकडे बघितलं आणि निकाल दिला.

"रविवारी दुपारपर्यंत हिचा ब्रेक नीट झाला, तर पोरगी गाडीवर जाईल. नाही झाला, तर ही गाडी भंगारात. आणि गाडीशिवाय त्या डोंगरात मी तिला एकटी पाठवायची नाही. दुसरी नोकरी येईल तेव्हा येईल."

"मम्मी!"

"मम्मी नाही आणि काही नाही. घाटात ब्रेक लागला नाही तर? आणि मधेच आपोआप लागला तर?"

दोन्ही प्रश्न बरोबर होते. मुलीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दोन वर्षांचा अभ्यास होता. आणि मी, ज्याने आयुष्यात घरातला पंखासुद्धा तीन वेळा उलटा फिरवून बसवलेला आहे, तो म्हणालो, "त्यात काय? मी करतो."

एक गोष्ट मात्र मी तेव्हा सांगितली नाही. ब्रेकला काय झालं असावं, याची मला थोडी, अगदी थोडी शंका होती. ती मी गिळून टाकली.

गुरुवारी सकाळी कारखान्यात रजा कळवली आणि कामाला लागलो. पहिली तपासणी अशी की पुढचं चाक हवेत उचलून हाताने फिरवायचं. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली की मागचं चाक उचलतं, पुढचं नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही मागे बसा." मी बसलो. पुढचं चाक लगेच वीतभर वर आलं. या घरात माझ्या वजनाचा उपयोग झाल्याची ही पहिली नोंद.

मुलीने चाक फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही, थांबलं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा खसखस आवाज करत कसंबसं सरकलं.

मोबाइलवर मी व्हिडिओ बघून ठेवले होते. हँडलवर तेलाची एक चौकोनी डबी असते. ब्रेकची दांडी दाबली की डबीखालचा दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून खाली चाकापाशी जातं, आणि तिथले पॅड चकतीला चिमटा काढतात. दांडी सोडली की तेलाने माघारी यायचं. आमचं तेल जात होतं, पण माघारी येत नव्हतं. खाली चाकापाशी हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला तर अडकलेला दाब सुटतो. हे मला समजलं. स्क्रूसमोर तोंड ठेवायचं नसतं, हे समजलं नाही.

पिचकारी माझ्या कपाळावर, चष्म्यावर आणि तिथून टाकीवर गेली. पण चाक सुटलं! मुलीने नुसतं बोट लावलं आणि ते भिरभिरायला लागलं. मी तेल टपकत्या चष्म्याने अंगणात उभा राहून दोन्ही हात वर केले.

"झालं! बोलाव तुझ्या मम्मीला!"

बायको आली. तिने चाकाकडे बघितलंच नाही. सरळ ब्रेकची दांडी धरली आणि दाबली. दांडी काही न बोलता हँडलला जाऊन टेकली. तिने परत दाबली. परत टेकली.

"हा ब्रेक आहे की पाण्यात भिजलेला पाव?"

स्क्रू उघडा ठेवून मी आत हवा घेतली होती. आधी ब्रेक सुटत नव्हता, आता लागत नव्हता. शिवाय टाकीवर जिथे पिचकारी पडली तिथला रंग बुडबुड्यासारखा फुगायला लागला होता. बायकोने ओसरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

मग मुलीने सूत्रं हातात घेतली. "चाचांकडे जाऊ."

चाचा म्हणजे आमच्या कॉलनीपलीकडचे मिस्त्री. कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड, पांढरी दाढी, चष्मा दोरीने मानेत अडकवलेला. ही गाडी नवी होती तेव्हापासून तिचं आजारपण त्यांनीच काढलंय. मुलगी त्यांची लाडकी, कारण ती इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा प्रयत्न करते. मी त्यांचा लाडका नाही, कारण मीही करतो.

गाडी ढकलत नेली. मुलीने त्यांना सगळं सांगितलं: सोमवार, साक्री, मम्मीचा निकाल. चाचा ऐकत होते आणि ऐकता ऐकता डबीचं झाकण उघडत होते. आत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं. मग पिण्याच्या पाण्याचा एक ग्लास भरून आणला आणि त्यात डबीतल्या तेलाचे चार थेंब टाकले.

"देखो बेटा. ब्रेकचं तेल असतं ना, ते पानी में शक्कर जैसा घुल जाता है."

आमचे चार थेंब विरघळले नाहीत. ते वर आले, पसरले, आणि ग्लासात सुंदर इंद्रधनुष्य तरंगायला लागलं.

"ये ब्रेक का तेल नहीं. हे ट्रॅक्टरचं आहे. इसमें रबर फूलता है. फुगलं की तेलाचा माघारी यायचा रस्ता बंद." चाचांनी चष्मा वर केला. "किसने डाला?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. चाचांनी बघितलं. शेडमध्ये चहाला बसलेल्या एका अनोळखी माणसानेही बघितलं. गिळलेली शंका वर आली.

तर ते असं झालं होतं. महिन्याभरापूर्वी मी एकटाच चोपड्याला सासुरवाडीला गेलो होतो. आमचे सासरे, म्हणजे नाना, केळीवाले. त्यांच्या घरची रीत अशी की जावयाची गाडी मळ्यातून निघताना तिच्यात काहीही कमी असता कामा नये. पेट्रोल काठोकाठ. दोन्ही चाकांत हवा. कॅरिअरला केळीच्या फण्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी. वीस वर्षांत ही रीत कधी चुकली नाही. त्या दिवशी सगळं भरून झाल्यावर नाना गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि हँडलवरच्या डबीच्या काचेपाशी थांबले. आत तेल अर्ध्यावर होतं.

"जवाईबापू, ही डबी अर्धीच शे!"

जणू जावयाला अर्ध्या ताटावरून उठवलं होतं. ते लगबगीने गोठ्यामागे गेले आणि ट्रॅक्टरची ट्रॉली उचलायच्या हायड्रोलिकचं तेल घेऊन आले. तिथे मी काय करायला हवं होतं, हे आता मला ठाऊक आहे. पण जावई माणूस, खाटेवर बसलेला, हातात ताक. चार लोक आपल्या तोंडाकडे बघतायत. मी शांतपणे म्हणालो, "हायड्रोलिकच ना? मग चालतं. तत्त्व एकच असतं."

नानांनी डबी भरली. मला कौतुकाने म्हणाले, "आते बठ्ठं फुल्ल शे. जा बिनघोर." म्हणजे आता सगळं भरलंय, निर्धास्त जा.

हे सगळं मी चाचांच्या शेडमध्ये सांगितलं. अनोळखी माणूस हसून चहा सांडत होता. मुलगी हसली नाही. हळूच म्हणाली, "पप्पा, मग बुधवारीच का नाही सांगितलं? एक दिवस गेला ना."

बोटापेक्षा ते जास्त लागलं.

घरी येऊन बायकोलाही सांगावं लागलं. मी सुरुवात जरा चुकीची केली. म्हणालो, "तुझ्या माहेरचं तेल निघालं." तिने तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला.

"नाना, गाडीत ट्रॅक्टरचं तेल तुम्ही घातलं?"

"हा, मीच घालं. जवाईबापूस्नीच सांगं, चालस म्हनीसन!"

'चालतं' असं सांगणारा जावई, म्हणजे मी, समोरच होतो; बायकोने माझ्याकडे बघत फोन ऐकला. पलीकडून नाना घाबरून विचारत होते, काही कमी पडलं का, मी येऊ का, काही पाठवू का.

"नाना, तुम्ही काहीच पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी केळी आली.

चाचांचा हिशेब सोपा होता: जिथे जिथे ते तेल पोचलं, तिथलं सगळं रबर बाद. दट्ट्याची वॉशरं, खालची सीलं आणि वरून खाली येणारी ती नळीसुद्धा. रबरं शुक्रवारी जळगावातच मिळाली. नळी मिळेना. मॉडेल जुनं. मुलीने तेरा दुकानं पालथी घातली. मी तिच्या मागे पिशवी धरून. शेवटी चाचांनी धुळ्याला त्यांच्या साडूला फोन केला. साडूचं जुन्या पार्टांचं दुकान. पलीकडून बराच वेळ खडखड आवाज आला आणि मग, "है! एक है!"

शनिवारी दुपारच्या एसटीत ड्रायव्हरजवळ नळी द्यायची ठरली. तोवर चाचांनी वरचा सगळा भाग खोलला, स्पिरिटने धुतला आणि मला आत बघायला लावलं. डबीच्या तळाशी दोन भोकं. एक दिसण्यासारखं. दुसरं असं की मी चष्मा काढून, लावून, परत काढून बघितलं तरी दिसलं नाही.

"यहीं से तेल वापस आता है. अजून गाळ बसलाय. सुई जाणार नाही, मोठी आहे. सराफ बाजारात जा, कारागिराकडून सगळ्यात बारीक तार आणा."

घरी पाणी प्यायला थांबलो तर बायको म्हणाली, "आता कुठे?"

"सराफात."

लग्नानंतर मी हे वाक्य स्वतःहून पहिल्यांदा उच्चारलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. ब्रेकसाठी तार हवीय म्हटल्यावर पुन्हा कणीक मळायला लागली.

दागिन्यांच्या दुकानांमागच्या बोळात एक कारागीर मांडी घालून बसला होता. त्याने विचारलं, "किती बारीक?" मी म्हटलं, "केसाएवढी." "कोणत्या दागिन्यात?" "मोटरसायकलमध्ये." त्याने हातातलं काम खाली ठेवलं, पोलादी पट्टीच्या भोकांतून तांब्याची तार तीन वेळा ओढून बारीक केली आणि कागदात गुंडाळून दिली, बायकोची नथ द्यावी तशी. "चाललं का नाही, सांगून जा," म्हणाला.

तार त्या भोकात गेली. आतून काळा कण निघाला, खसखशीच्या दाण्याहून लहान. त्या कणाने एका मुलीची नोकरी अडवून धरली होती. म्हणजे कणाने आणि मी, मिळून.

धुळ्याची एसटी सहा वाजता यायची ती सव्वासातला आली. स्टँडवर मुलगी बसच्या पाट्या वाचत इकडून तिकडे धावत होती. ड्रायव्हरने खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी खाली दिली तेव्हा ती आनंदाने उडी मारून ओरडली, आणि ड्रायव्हर म्हणाला, "काय आहे यात, दागिना?"

चाचांनी घाईने नळी बसवली, नवं तेल भरलं, आणि मुलीला म्हणाले, "अब देख." त्यांनी दांडी अगदी थोडी, गवताची काडी वाकवावी तेवढी ओढली. डबीतल्या तेलातून एक बारीक कारंजं उडालं. बोटभर उंच. परत ओढली, परत कारंजं! मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी वाकून इतक्या जवळून बघितलं की कारंजं परत चष्म्यावर आलं, पण या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

"फवारा उडा, मतलब रस्ता खुला. बाकीची हवा सकाळी तुम्हीच काढा. मला भाचीच्या लग्नाला भुसावळला जायचंय. बेटा, तू स्क्रू धर. भाऊ को सिर्फ लिव्हर पे बिठा."

रविवार उजाडला. पहाटेच अंगणात मांडामांड केली. हवा काढायच्या स्क्रूवर पारदर्शक नळी लागते. ती ऐनवेळी सापडेना, तेव्हा मी घरात पडलेली, आमच्याच कारखान्यातली ठिबक सिंचनाची बारीक नळी आणली आणि ती अशी चपखल बसली की मला कारखान्याचा अभिमान वाटला. नळीचं दुसरं टोक बाटलीत. मुलगी खाली, मी वर.

"दाबा! धरून ठेवा! ... आता सोडा!"

दाबलं, धरलं, सोडलं. बुडबुडे यायला लागले. पहिले दहा-बारा वेळा तर बाटलीत सोडा उघडल्यासारखं वाटत होतं. मग बुडबुडे कमी झाले. मग बंद झाले. नुसतं स्वच्छ तेल.

मी दांडी दाबली. हँडलला टेकली नाही, पण अर्ध्याहून खाली गेली. मऊ.

परत केलं. आठ वाजले. परत केलं. नऊ वाजले. चाक मस्त मोकळं फिरत होतं, कारंजं उडत होतं, खालून एकही बुडबुडा येत नव्हता, आणि ब्रेक तसाच मऊ. दहा वाजता माझ्या पंजात गोळा आला. ओसरीवर मुलीची बॅग भरून ठेवलेली होती. नवी कोरी पांढरी ओढणी वर घडी करून. मुलगी ऊन बघत होती, मग बॅग बघत होती, मग परत स्क्रू.

"पप्पा, नाहीच झालं तर?"

मी पंजा चोळून परत दांडी धरली. तीस वर्षं पाइपच्या कारखान्यात नोकरी केली. रोज ट्रकच्या ट्रक नळ्या माझ्या हाताखालून शेतांकडे रवाना होतात. आणि एका हातभर नळीतली हवा मला निघत नव्हती.

तेवढ्यात बायको बाहेर आली. मला वाटलं, निकाल ऐकवायला आली. तिने पदर खोचला, गाडीभोवती एक चक्कर मारली, अगदी नानांसारखी, आणि नळीवरून बोट फिरवत वर वर गेली.

"ही नळी सगळ्यात उंच कुठे आहे?"

"वर. डबीपाशी."

"मग?"

"मग काय?"

"आमच्या मळ्यात विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत लाइन होती. मधे बांधाचा उंचवटा. मोटर लावली की पाणी तिथवर येऊन थबकायचं, कारण हवा तिथे बसलेली. नाना मला बांधावर बसवायचे, कॉक उघडायला. हवा इथे वर बसलीय, आणि तुम्ही सकाळपासून खाली चाकापाशी दार उघडून तिची वाट बघताय."

मुलगी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मग दोघेही एकदम पान्याकडे धावलो. बायको म्हणाली, "द्या इकडे. कॉक मीच उघडायचे."

नळी जिथे डबीला जोडलेली असते तिथे एक बोल्ट असतो. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती केली, म्हणजे तो बोल्ट सगळ्यात उंच झाला. खाली फडकं धरलं. मी पाण्याची बादली घेऊन टाकीपाशी, रंग वाचवायला. मुलीने दांडी हळू दाबून धरली. बायकोने पाना लावला आणि पाव फेरा सैल केला.

फुस्स.

मग फुरफुर, पांढरा फेस. बायकोने बोल्ट आवळला. मुलीने दांडी सोडली, परत दाबली. परत पाव फेरा. फुरफुर. परत. तिसऱ्यांदा नुसतं तेल आलं, स्वच्छ, मधासारखं, आणि एरवी घरात शुद्ध मराठी बोलणारी, पस्तीस वर्षांमागे बांधावर बसलेली नानांची मुलगी जोरात ओरडली, "उनं! उनं!" आलं, आलं!

बोल्ट आवळला. मी बादली ओतली, निम्मी टाकीवर, निम्मी स्वतःच्या पायांवर. डबी भरून झाकण लावलं आणि मुलीने दांडी दाबली.

दगड. बोटभर खाली गेली आणि दगडासारखी थांबली. सोडली, चाक फिरवलं (मी अर्थातच मागे बसलो होतो), ते फिरतच राहिलं. आम्ही तिघं त्या फिरत्या चाकाभोवती असे नाचत होतो की शेजारणीने गच्चीवरून विचारलं, "लग्न ठरलं का?"

"ब्रेक लागला!" बायकोने ओरडून सांगितलं.

मुलीने डबीच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं: आत काहीही घालू नये. नाना आणि पप्पा, तुम्हाला सांगतेय.

आता खरी परीक्षा रस्त्यावर. मी हेल्मेट घेतलं. ठरलं होतं की मुलगी चालवेल, मी मागे बसून साक्रीपर्यंत सोडायला जाईन. बायकोने हेल्मेट माझ्या हातातून काढून घेतलं.

"मी बसते."

"तू? हिच्यावर?"

"मी पाठवतेय तिला. मी बघणार ब्रेक. तुम्ही सामान घेऊन एसटीने या." मग जरा मवाळ आवाजात, "मागे वजनही कमी हवं ना चढाला."

ऊन उतरल्यावर दोघी निघाल्या. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक म्हैस आडवी आली. मी फाटकातून बघत होतो. पुढचा टायर थोडा दबला, गाडी जागच्या जागी थांबली, मागे बायकोचं हेल्मेट मुलीच्या हेल्मेटवर टक्क आपटलं. म्हैस सावकाश गेली. बायकोने मागे वळून मला हात केला. तसा तिने मला एरवी फक्त रेल्वे सुटताना केलाय.

मी दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि नानांची केळी घेऊन धुळ्याच्या एसटीत खिडकीला बसलो. एरंडोल मागे पडल्यावर कधीतरी त्या दोघी आमच्या बसला मागे टाकून पुढे गेल्या. मी शेजारच्या प्रवाशाला म्हटलं, "ती माझी गाडी." तो म्हणाला, "मग तुम्ही इथे काय करताय?" त्याला मी केळं दिलं.

धुळ्याच्या स्टँडबाहेर रसवंतीपाशी दोघी थांबलेल्या. मी धापा टाकत पोचलो तेव्हा मुलगी रस पीत होती आणि बायको गाडीपाशी उकिडवी बसली होती. तोंडावर धूळ, केस विस्कटलेले, दिसत होती वीस वर्षांनी लहान.

"अगं, हात लावू नको!" मी माझं पट्टी बांधलेलं बोट वर करून ओरडलो.

तिने चकतीवर बोट टेकवलेलंच होतं. माझ्याकडे बघत तिने ते तसंच ठेवलं. काढेचना.

"कोमट आहे," ती म्हणाली. "चल गं, रस संपव. साक्री अजून लांब आहे."